पुलापलीकडचा भाव

ताईंच्या आवारात गाड्यांच्या काचांवर पूर्वी पांढऱ्या रंगाने किंमत लिहिलेली असायची. रस्त्याने जाणाऱ्याला चालता चालता वाचता येईल असे मोठे, ठसठशीत आकडे. चलन घसरायला लागलं तेव्हा पहिले काही आठवडे ताई रोज सकाळी ओलं फडकं घेऊन जुने आकडे पुसायच्या आणि नवे लिहायच्या. मग त्यांनी लिहिणंच सोडून दिलं. कुणी विचारलं तर फोन काढायचा, आजचा दर बघायचा आणि सांगायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘जरा विचार करून संध्याकाळी येतो.’ ताई म्हणायच्या, ‘या की. पण संध्याकाळी संध्याकाळचा भाव.’

हे सांगताना त्यांना पूर्वी थोडं हसू यायचं. आता नुसता आवाज यायचा.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांची ती एक लांबलचक गल्ली होती. गल्ली जिथे संपते तिथून हमरस्ता थेट पुलाकडे जायचा, आणि पुलापलीकडे दुसरा देश, दुसऱ्या नोटा. इतकी वर्षं त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. माणसं तिकडे जायची, इकडे यायची, साबण-कपडे घेऊन परत फिरायची. आपला पैसा नि त्यांचा पैसा यांत फरक होता, पण तो सवयीचा होता. त्या वर्षी आपला पैसा असा गडगडला, की त्यांच्या एका नोटेला पूर्वी आपल्या चार पडायच्या त्या सात पडायला लागल्या.

नव्या गाड्या जहाजाने लांबून यायच्या आणि त्यांचे पैसे परक्या नोटांत मोजावे लागायचे. त्यामुळे एक स्क्रूसुद्धा न बदलता तीच गाडी शोरूममध्ये जवळजवळ दुप्पट झाली. ज्यांना नवी घ्यायची होती त्यांनी हात आखडला आणि जुनीच रेटायची ठरवली. जुनी विकायला कुणी निघेना, तर ताईंच्या आवारात माल येणार कुठून? आणि नेमक्या त्याच वेळी पुलापलीकडच्या लोकांना इकडच्या गाड्या मातीमोल वाटायला लागल्या. ते आले, बोनेट उघडून बघितलं न बघितलं आणि घेऊन गेले.

सुरुवातीला गल्लीत दिवाळखोरसुद्धा हसत होते. ताईंचे यजमान म्हणाले होते, ‘उतारवयात नशीब उघडलं म्हणायचं.’ त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गाडीखाली वाकता येत नव्हतं. पत्र्याच्या केबिनमध्ये, कमरेला पट्टा बांधून, उशी लावलेल्या खुर्चीत बसून ते ओळखीपाळखीच्या लोकांना फोन करायचे. ‘गाडी काढायचा विचार आहे का? नाही ना? बरं, असला तर आठवण ठेवा.’ दिवसभर हेच. कारण थोड्याच दिवसांत दोघांनाही कळून चुकलं, की गाडी विकली की नफा दिसतो, आणि तशीच दुसरी आणायला गेलं की तो नफा जाऊन वर पदरचे घालावे लागतात. आवार रिकामं होत चाललं होतं आणि बँकेत जे साचत होतं ते बसल्या जागी विरघळत होतं. धंदा चालू होता आणि धंदा संपत होता, दोन्ही एकदमच.

ताईंचा धाकटा भाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. निम्म्या गावाला क्लच सोडायला त्यानेच शिकवलं होतं. आवाज कधी चढवायचा नाही. शिकणारा घाबरून गाडी फुटपाथवर घालायला लागला, तरी आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायचा आणि म्हणायचा, ‘छान. आता हेच रस्त्यावर करू.’

त्याची शिकवणीची गाडी उन्हाळ्याच्या तोंडाला बसली. इंजिनच गेलं. मिस्त्रीने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हात पुसत सांगितलं, की हा पार्ट बाहेरून येतो आणि आता त्या एका पार्टची किंमत तुमच्या अख्ख्या गाडीपेक्षा जास्त आहे. मास्तर तिथून सरळ ताईंच्या आवारात आला.

‘ताई, ती मागची छोटी पांढरी गाडी,’ तो म्हणाला. ‘मला ठेवशील?’

‘ठेवते की. त्यात विचारायचं काय?’

‘म्हणजे आजच्या भावाने नाही परवडणार मला.’

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने दाढी केली नव्हती आणि शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. ‘मी घेतली त्या भावाने ने,’ त्या म्हणाल्या. ‘सावकाश दे. पण भावोजींच्या कानावर मी घालीन. तू मध्ये बोलू नकोस.’

त्यांनी ती गाडी शेडच्या कोपऱ्यात नेऊन लावली आणि वर ताडपत्री टाकली. यजमानांनी ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ काय ते ताईंना चांगलं माहीत होतं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात अशी कितीतरी ‘बरं’ त्यांनी पचवली होती.

शिकवणाऱ्याच्या बाजूची जोडीची पेडल बसवणारा कारागीर गावाला गेला होता, म्हणून गाडी काही दिवस तशीच कोपऱ्यात राहिली. तेवढ्यात दलाल आला. गल्लीत दिवसातून चार वेळा फिरणारा, कायम घामेजलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस. ताईंच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही म्हणून तो त्यांच्याशी बोलताना जवळच्या गाडीच्या टपावर हात ठेवायचा. त्याच्याबरोबर पुलापलीकडचा एक व्यापारी होता. शांत, सभ्य, बूट पुसलेले.

व्यापारी सगळ्या गाड्यांभोवती सावकाश फिरला. मग शेडमध्ये गेला आणि ताडपत्रीचं टोक उचललं.

‘ही?’

‘ती दिलेली आहे,’ ताई म्हणाल्या.

‘पैसे आले?’ दलालाने विचारलं.

‘शब्द दिलाय.’

दलालाने त्यांना बाजूला घेतलं. ‘ताई, ऐका माझं. हा माणूस तुमचं अख्खं आवार उचलायला आलाय. पण त्याला ती छोटी पाहिजेच. तिकडे छोट्या गाड्यांना मागणी आहे, मोठ्या तो तुमच्या समाधानासाठी घेतोय. ती नाही तर काहीच नाही म्हणतो. पैसे त्यांच्या नोटांत देईल. त्यांच्या नोटांत! तुम्ही त्या कपाटात नुसत्या ठेवल्यात तरी वाढतील.’

हे शेवटचं खरं होतं. त्यांच्या नोटा हातात असत्या तर लांबच्या शहरातल्या लिलावातून माल आणता आला असता. आवार पुन्हा भरलं असतं.

‘माझ्या भावासाठी ठेवलीय,’ त्या म्हणाल्या.

‘भावाला दुसरी द्या.’

‘दुसरी कुठाय? तुम्हीच सगळ्या उचलायला निघालात ना?’

व्यापाऱ्याला त्यांची भाषा नीट येत नव्हती, पण स्वर कळला असावा. तो मान लववून ‘हरकत नाही’ म्हणाला आणि निघाला. तासाभरात शेजारच्या आवारातून ट्रेलर भरला जात होता. साखळ्यांचा खळखळाट ताईंना केबिनमध्ये बसून ऐकू येत होता. यजमान खिडकीतून बघत होते.

‘एकदा मला विचारायचं तरी,’ ते म्हणाले.

‘विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?’

ते पट्टा सैल करत म्हणाले, ‘तेच तर. मी दे म्हणालो असतो. आणि मग मेहुण्याला तोंड मीच दाखवायचं.’ ते रागावले नव्हते. रागवायलाही अंगात काही लागतं. त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर यजमान म्हणाले, ‘भात चांगला झाला होता,’ एवढंच.

कारागीर आला, पेडल बसली आणि मास्तर गाडी घेऊन गेला. जाताना तो ताईंच्या पाया पडायला वाकला, तेव्हा ताई म्हणाल्या, ‘चल, नाटकं करू नकोस.’ तो हसला. त्याचं ते हसू बघून ताईंना वाटलं, जाऊ दे, गेला तो सौदा गेला. पुढचे काही आठवडे ती पांढरी गाडी गल्लीसमोरून हळूहळू, गचके खात जाताना दिसायची. मास्तर शेजारी बसून समोर बघत असायचा.

मग ती दिसेनाशी झाली. ताईंच्या लक्षात यायलाही वेळ लागला, कारण त्या रोज सकाळी खेड्यापाड्यांत फिरत होत्या. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीत एखादी धूळ खात पडलेली गाडी मिळते का ते बघायला. बहुतेक ठिकाणी दलाल आधीच येऊन गेलेला असायचा.

एका दुपारी आवारात एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. सरकारी दवाखान्यात अनेक वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त. गावातल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांच्याच हातचं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे.

‘तुमचे बंधू आहेत का इथे?’ त्यांनी विचारलं. ‘माझे धडे अर्धे राहिलेत. फी पूर्ण भरली होती. फोन उचलत नाहीत. आजारी वगैरे नाहीत ना?’

ताई म्हणाल्या, ‘बघते,’ आणि तशाच भावाच्या घरी गेल्या.

भावजयीने दार उघडलं. ताईंना बघून तिचा चेहरा उतरला. ‘या ना,’ ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे बघत राहिली. आत पलंगावर बॅग उघडी पडली होती. मास्तर शर्टांच्या घड्या घालत होता. खिडकीखाली जोडीची पेडल फडक्यात गुंडाळून ठेवली होती, त्यांचे दांडे बाहेर आले होते.

ताईंनी पेडलांकडे बघितलं, मग भावाकडे.

‘गाडी?’

‘विकली.’

‘कुणाला?’

तो पुढच्या शर्टाची घडी घालू लागला. सांगायची गरज नव्हती.

‘मी तुझ्यासाठी अख्ख्या आवाराचा सौदा सोडला,’ ताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढवायचा होता, पण तो वाटेतच कुठेतरी बसला.

‘माहितीये.’ मास्तरने हातातला शर्ट बॅगेत ठेवला. ‘ताई, मी महिनाभर रेटली. खरंच. पण शिकायला येणार कोण? नवी गाडी कुणी घेत नाही. जुनी कुणाला मिळत नाही. मग गाडी चालवायला शिकून माणूस करणार काय? सिस्टर आणि एक कॉलेजचा पोरगा, एवढेच राहिले होते. पेट्रोल रोज वर. तुझा हप्ता द्यायचा होता तो घरात खर्च झाला. मग दलाल आला. त्याने भाव सांगितला तेव्हा मला वाटलं, तो चेष्टा करतोय.’

‘आणि ही बॅग?’

‘पलीकडे एका कंपनीत ड्रायव्हर पाहिजेत. सामान पोचवायचं, दुकानादुकानांत. राहायला खोली देतात, चौघांत एक. पगार ऐकशील तर...’ तो थांबला. ‘तिकडे तो पगार काहीच नाही. शिपायाचा असतो तेवढा. पण इकडे पाठवला की मास्तराच्या तिप्पट होतो.’

‘म्हणजे गाडीबरोबर तूही चाललास.’

‘मीही चाललो.’ तो खाली बसला. ‘तुला सांगायला यायचं होतं. दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. पाय पुढे होईना.’

भावजय चहा घेऊन आली आणि तिघंही तो प्याले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मास्तरने कपाटातून पाकीट काढून ताईंसमोर ठेवलं. गाडीची ताईंनी सांगितलेली किंमत, आणि वर जे मिळालं त्यातला अर्धा भाग. त्यांच्या नोटांत.

ताईंना वाटलं, पाकीट भिरकावून द्यावं. मग वाटलं, जास्तीचे तरी परत करावेत. भाऊ आहे, परमुलखात चाललाय, दोन पैसे जवळ असू देत. या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात येऊन गेल्या आणि त्यांनी पाकीट उचलून पर्समध्ये टाकलं. ते घेताना त्यांना लाज वाटली नाही, याचंच त्यांना नंतर वाटेत नवल वाटलं. यजमानांच्या औषधांतलं एक बाहेरून यायचं. त्याचाही भाव त्याच दराबरोबर चढत होता.

दारात मास्तर म्हणाला, ‘रागावलीस?’

‘उद्या रागवेन,’ ताई म्हणाल्या. ‘आज पाय दुखतायत. स्वेटर घेतलास का? पलीकडे रात्री नदीवरून गार वारं येतं.’

‘घेतलाय.’

‘सिस्टरांचे धडे अर्धे राहिलेत.’

त्याने मान खाली घातली. ‘त्यांची फी तू परत कर. मी पाठवतो तुला.’

‘ते मी बघते. तू जा.’

तो गेला. पुढे पैसे पाठवायला लागला आणि फोनही करायचा, खोलीतल्या इतर तिघांचं घोरणं, तिकडच्या चौकांत कुणी हॉर्न कसा वाजवत नाही, असलं काहीबाही सांगायला. ताई ऐकायच्या. राग उद्यावर ढकलला होता तो तिकडेच राहिला. गल्लीतली आवारं एकेक करून बंद होत गेली. शेजारच्याने टायरचं दुकान टाकलं. ताईंच्या आवारात एक लांबरुंद, पेट्रोल ढोसणारी गाडी तेवढी उरली होती. ती पलीकडच्यांनाही नको होती.

फी परत करायला ताई सिस्टरांच्या घरी गेल्या. बैठं घर, दारात तुळतुळीत पुसलेली पायरी, शेजारी पत्र्याचं गॅरेज. सिस्टरांनी पैसे घेतले नाहीत.

‘मला पैसे नकोत, मला शिकायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘दुसरं कुणी शिकवणारं आहे का गावात?’

‘आता नाही कुणी.’

‘मग याचं काय करू?’ असं म्हणून त्यांनी गॅरेजचं दार उघडलं.

आत एक निळी गाडी होती. छोटी. पाच दारांची. रंग शाबूत, रबरं शाबूत, टायर जवळजवळ नवे. सिस्टरांच्या नवऱ्याने घेतली होती आणि वर्षभरात ते गेले. ताईंच्या डोक्यात आपोआप आकडा उभा राहिला. आपल्या पैशांत, मग त्यांच्या पैशांत, मग दलालाचं काढून. त्या बोलूनही गेल्या, ‘सिस्टर, हिचे आत्ता किती येतील तुम्हाला ठाऊक आहे का?’

‘ठाऊक आहे. तो घामट माणूस तीनदा येऊन सांगून गेला. शेवटच्या वेळी मी त्याचं ब्लडप्रेशर तपासलं आणि घरी पाठवलं. चांगलंच वाढलंय त्याचं.’ सिस्टरांनी टपावरची धूळ पदराने पुसली. ‘विकून ते पैसे मी काय करू? त्यांत दुसरी येईल का?’

‘नाही येणार,’ ताई म्हणाल्या.

‘मग? शिकवता तुम्ही?’

ताईंना नाही म्हणायचं होतं. सकाळपासून त्या तीन खेडी फिरून आल्या होत्या, तिन्ही ठिकाणाहून हात हलवत. घरी यजमान पाठीला शेक घ्यायला वाट बघत असणार. आणि या गाडीला शेजारच्या बाजूला ब्रेक नव्हता.

‘मला मास्तरसारखं गोड बोलता येत नाही,’ त्या म्हणाल्या.

‘मी दवाखान्यात पस्तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढलीत. गोड कुणी बोललेलं नाही.’

बॅटरी उतरली होती, म्हणून शेजाऱ्याची गाडी लावून वायर जोडावी लागली. सिस्टर चष्मा पुसून चाकामागे बसल्या. सीट पुढे ओढली, आरसा वळवला, पदर खोचला. ताई शेजारी बसल्या आणि हँडब्रेक मुठीत धरला. दुसरं काही धरायला नव्हतंच.

‘क्लच पूर्ण दाबा. आता पहिला. हळू सोडा... हळू म्हटलं मी!’

गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

‘पुन्हा,’ सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्यांदा ती गॅरेजच्या उंबऱ्यावरून उतरली, तिसऱ्यांदा फाटकातून बाहेर आली. रस्त्यावर ऊन कलतं होतं. मुलांनी खेळ थांबवून वाट दिली. ताईंचा हात हँडब्रेकवर घट्ट होता आणि पाय तिथे नसलेल्या पेडलावर पुनःपुन्हा दाबला जात होता. फोन पर्समध्ये वाजला. दलालाचा असणार, किंवा यजमानांचा. त्यांनी काढून बघितला नाही.

‘दुसरा गिअर टाकू?’ सिस्टरांनी विचारलं.

‘आधी सरळ चालवा. गटाराकडे जाताय.’

‘दिसलं मला गटार.’

‘मग वळवा की!’

सिस्टरांनी वळवलं. जरा जास्तच वळवलं, पण वळवलं. गाडी रस्त्याच्या मधोमध आली आणि पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत, माणूस चालतो त्या वेगाने, भाजीवाल्याच्या हातगाडीकडे सरकू लागली.